गुंडाळून आलेलं बंदर

मे महिन्यात लातूरहून छत्रपती संभाजीनगरला आमच्या चित्रदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये एक तैलचित्र आलं. जेमतेम चार इंची पीव्हीसी पाइपात गुंडाळलेलं, रंगाची बाजू आत. विषय मुंबईच्या ससून डॉकची सकाळ: होड्यांची दाटी, डोलकाठ्या, मासळीच्या टोपल्या, पाण्यावर नारिंगी उजेड. शैली इंप्रेशनिस्ट, म्हणजे जाड रंगाचे तुटक फटकारे.

रंग आत ठेवून गुंडाळला की थर दाबले जाऊन सुटतात. बाहेर ठेवला तर बारीक भेगा उघडतात, पण सरळ केल्यावर बऱ्याचशा मिटतात. इथे डोलकाठ्यांच्या प्रतिबिंबावरचा रंग भाकरीच्या पापुद्र्यासारखा उचलला होता.

"सर, मागून इस्त्री फिरवली तर सपाट होईल ना?" चित्राच्या मालकांनी विचारलं. मी हात जोडून नको म्हटलं. उष्णतेनं उंच फटकारे दबतात, आणि अशा चित्रात उजेड त्या उंचीवरच अडतो.

आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात कॅनव्हासवरचा सरसाचा थर कडक होतो. म्हणून पाइप कूलरच्या दमट खोलीत, पण झोताबाहेर, रात्रभर ठेवला. मग वीतभर उलगडायचं, थांबायचं, पुन्हा वीतभर. पापुद्र्यांखाली 3 टक्के कोमट जिलेटिन बारीक ब्रशनं सोडलं. वर न चिकटणारा सिलिकॉन कागद आणि वाळूची मऊ पिशवी. पांढरा गोंद इथे अजिबात नको, वाळल्यावर तो सहज काढता येत नाही.

रंग पार गेलेल्या जागी खडूभुकटी आणि जिलेटिनची लांबी (पुट्टी) भरली आणि ओली असतानाच शेजारच्या फटकाऱ्यांची दिशा सुईनं ओढली. वर जलरंग, कारण ते पुढे कुणालाही पुसता येतात. नारिंगी आणि निळा पॅलेटवर मिसळला तर करडा डाग पडतो. म्हणून दोन्ही न मिसळता शेजारीशेजारी.

फ्रेंच इंप्रेशनिस्ट चित्रकार मोनेनं फ्रान्समधल्या ल हाव्र बंदराचं जे 1872 चं चित्र काढलं, त्यात सूर्य आणि भोवतीचं आकाश उजळपणात जवळपास सारखं आहे. कृष्णधवल फोटोत सूर्य जवळजवळ दिसेनासा होतो, वेगळा उठतो तो केवळ रंगामुळे. ती कसोटी मी अशा कामात नेहमी लावतो. मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढला. भरलेली नारिंगी मूळ नारिंगीपेक्षा उजळ दिसली, तशी एक छटा खाली आणली.

व्हार्निश लावलं नाही, मूळ चित्रावरही नव्हतं. चकाकीत हे तुटक रंग बुडतात. स्ट्रेचरवर, म्हणजे लाकडी चौकटीवर, ताणून मागे पुठ्ठा बसवला. मालकांना बजावलं: कूलरसमोरची भिंत नको, आणि गुंडाळावंच लागलं तर किमान आठ इंची पाइप, रंग बाहेर.