सॅन फ्रान्सिस्कोचे जिने : नकाशात रस्ता तुटतो तिथे

सॅन फ्रान्सिस्कोत एखादा रस्ता टेकडीपाशी संपतो आणि त्याच नावाने वर पुन्हा सुरू होतो. मधला तुकडा बहुतेक वेळा जिना असतो. १८४७ मध्ये जॅस्पर ओ'फॅरलने शहराची आखणी वाढवली, तेव्हा रस्त्यांचे चौकोन थेट टेकड्यांवरून ओढले. डोंगर आला की वळसा घालायचा, हे घाटरस्त्याचं शहाणपण इथे पट्टीने आखणाऱ्याला मानवलं नसावं. गाडीला जो चढ झेपेना तिथे पायऱ्या आल्या. म्हणून पाटीवर 'स्ट्रीट' आणि समोर कठडा.

जिने शोधायला ओपनस्ट्रीटमॅप हा मोफत ऑनलाइन नकाशा बरा. त्यात पायऱ्या लालसर, आखूड तुटक रेघांनी दाखवतात. गाडीचा मार्ग विचारलात तर नकाशा जिना दाखवणारच नाही, पायी जाण्याचा विचारा.

दिवस एकच असेल तर सकाळी टेलिग्राफ हिल. त्याचे फिल्बर्ट जिने पूर्वेकडे तोंड करून आहेत, ऊन समोरून येतं. कॅबवाल्याला नुसतं 'फिल्बर्ट स्ट्रीट' सांगितलं तर तो टेकडीच्या भलत्याच बाजूला सोडेल; 'सॅन्सम आणि फिल्बर्टचा कोपरा' सांगा, तिथे लेव्हाइज प्लाझा आहे. समोर कापल्यासारखा कडा दिसतो, तो जुन्या खाणीचा. रिकामी जहाजं डोलू नयेत म्हणून इथला दगड त्यांत भार म्हणून भरत. सुरुवातीचा टप्पा सर्वांत उभा, आणि ताज्या दमात लोक नेमके इथेच पळतात. पुढे लाकडी पायऱ्या लागतात. बाजूची नेपियर लेन म्हणजे रस्ता म्हणून टाकलेल्या फळ्याच. १९४९ नंतर ग्रेस मर्चंट या रहिवासी बाईंनी इथला कचरा उपसून बाग फुलवली, तीच आजची झाडी. दारं थेट जिन्यावर उघडतात, तेव्हा कुणाच्या उंबऱ्यावर बसून डबा उघडू नका.

धुक्याने लाकूड ओलं झालं की पाय सटकतो, आणि तो चढताना कमी, उतरताना जास्त. म्हणून फिल्बर्टने चढून टेकडीच्या माथ्यावरचा कॉइट टॉवर गाठा आणि ग्रीनिचच्या जिन्याने उतरा. भारतातून आलेले आई-बाबा सोबत असतील तर ३९ नंबरच्या बसने टॉवरपर्यंत जाऊन फक्त उतरा. पण उतारही गुडघ्यांना फुकट नसतो. कठड्याच्या बाजूने, टप्प्याटप्प्यावर थांबत.

दुपारी पश्चिमेला. एन-ज्युडा ट्रामने १६व्या ॲव्हेन्यूपाशी उतरा. इथले रस्ते इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने आहेत: ज्युडा, कर्कहॅम, लॉटन, मोरागा. कर्कहॅम ते लॉटन हिडन गार्डन स्टेप्स, १४८ पायऱ्या, २०१३ च्या. तिथून पुढच्या चौकात मोरागाचा फरश्यांचा जिना, १६३ पायऱ्या, २००५ चा. हा पश्चिमाभिमुख, म्हणून सकाळी सावलीत असतो. नक्षी पायरीच्या उभ्या बाजूवर आहे, पाय पडतो तो भाग साधाच. वरून खाली पाहिलंत तर नुसतं सिमेंट दिसतं, त्यामुळे हा जिना चढतच पाहायचा. जवळ वाका: माशांच्या, पक्ष्यांच्या फरश्यांवर देणगी देणाऱ्या शेजाऱ्यांची नावं भाजलेली आहेत, मधेमधे आरशाचे तुकडे. तळाशी समुद्र, वर जाताना आकाश.

जुलै-ऑगस्टात अडचण अशी की आरसे चमकायच्या वेळेलाच समुद्रावरून धुकं चढतं. सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. तरी जाकीट घ्या, कारण १५वी ॲव्हेन्यू ओलांडून आणखी पायऱ्या चढलात की ग्रँडव्ह्यू पार्क, आणि तिथला वारा टोपी नेतो. माथ्यावर वाळू आहे, गुळगुळीत तळव्याचे बूट तिथे घसरतात.