आडवी विहीर

रविवार, रात्रीचे दहा

चपला अजून ओल्याच आहेत. दारात उलट्या घालून ठेवल्यात.

सुट्ट्या जोडून आल्या की आमची निम्मी गल्ली कोकणात पळते. दिवेआगर, गुहागर, आणि मग महिनाभर लाटांचे स्टेटस. आम्हाला समुद्राची हौस आली की पैठणला जायचं, नाथसागराच्या काठावर उभं राहायचं आणि पलीकडचा काठ दिसत नाही यात समाधान मानायचं. या वेळी तेही नको वाटलं. अण्णा, म्हणजे माझे थोरले चुलते, गावाकडून आलेले होते. म्हटलं, चला पितळखोऱ्याला. "तिथं काय आहे?" म्हणाले. "बुद्धाच्या भिक्खूंचा मठ आहे, डोंगरात." "मग धपाटे बांधून घे. मठात हॉटेल नसतंय."

वेरूळपासून 40 किलोमीटर, कन्नडच्या पुढे. वेरूळला बसगाड्यांची रांग लागलेली, इथं आमच्याशिवाय दोन मोटारसायकली. पठार चालता चालता एकदम संपतं आणि खाली खोरं उघडतं. पायऱ्या उतरताना खालच्या अंगानं ढग आत शिरत होते, कड्याला चिकटून, हळूहळू वर. भरती मी आयुष्यात दोनदाच पाहिली, तरी तीच आठवली. धबधब्याचा आवाज सगळीकडून येत होता. मोबाइलची रेंज गेली ती वर येईपर्यंत आलीच नाही.

लेणी 14 आहेत. सुरुवातीची इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली, म्हणजे अजिंठ्याच्या अगदी जुन्या लेण्यांच्या वयाची. पण अजिंठ्यासारखं नीटनेटकं काही शिल्लक नाही. दर्शनी भाग कोसळलेत, खांब निम्मे गेलेत. चैत्यगृहातल्या, म्हणजे स्तूपाच्या प्रार्थना-लेण्यातल्या, उरलेल्या खांबांवर चित्रांचे रंग अजून दिसतात. ती चित्रं लेण्यांहून बरीच अलीकडची.

अण्णांना चित्रांत रस नव्हता. चाळीस वर्षं विहिरी खोदल्या माणसानं. आत शिरल्या शिरल्या छताकडं बघत राहिले. मग म्हणाले, "वरून खाली आलेत. आधी छत केलं, मग खाली फोडत आले. म्हणजे पायाड बांधायची गरज नाही. विहीरच की ही, आडवी." भिंतीवर टाकीचे घाव होते, त्यावरून तळहात फिरवला. दोन ठिकाणी थांबले, नख घातलं, भुगा निघाला. "दगड वाईट लागला यांना. पाणी पितोय."

खरं आहे. पितळखोरं माणसांनी मोडलं नाही, पाण्यानं पाडलं. आणि गंमत म्हणजे कोरणाऱ्यांना ते ठाऊक असावं. चौथ्या लेण्यापाशी पाच फण्यांचा नाग कोरलाय. मागच्या खडकातून पाण्याला वाट काढून ते फण्यांतून बाहेर पडावं अशी सोय केली आहे. शेजारी जोत्यावर हत्तींची रांग. मी हत्तींचे फोटो काढत होतो, अण्णा नागाच्या तोंडात बोट घालून बघत होते. "पन्हाळी आहे ही. पण देखणी केली. आपण पीव्हीसी लावतो."

भिक्खू आठ-नऊ महिने फिरायचे आणि पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहायचे, तो वर्षावास. म्हणजे मुक्काम नेमका अशाच दिवसांत, असाच आवाज कानात. चौथ्या लेण्यातल्या खोल्या बघितल्या. छताला लाकडी वाशांसारख्या कमानी कोरलेल्या. लाकडाच्या घराची सवय असलेल्या कारागिराला दगडातही वासे दिसले, हे मला फार आवडलं.

एकांत म्हणावा तर तोही पुरता नव्हता. चैत्याच्या एका खांबावर लिहिलंय की हा खांब पैठणच्या मितदेवानं दिला, घराणं गंधिकांचं, म्हणजे अत्तरवाल्यांचं. दुसरा खांबही पैठणकरांचाच. पैठणहून माल घाट उतरून भडोच, सोपारा अशा बंदरांकडं जायचा. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या टिपणात पैठण आणि तेर या दोघांची नावं आहेत. समुद्र आपल्याकडे नव्हता, समुद्राचा पैसा मात्र येत होता. अण्णांना खांबाचं सांगितलं तर हसले, "आमच्या मारुतीच्या देवळातल्या पंख्यासारखं. पात्यावर नाव." पंखा फिरायला लागला की ते नाव वाचता येत नाही. मितदेवाचं दोन हजार वर्षं टिकलं.

इथं सापडलेला एक ढेरपोट्या, हसरा यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर घडवणाऱ्याचं नाव आहे: कण्हदास, सोनार. सोन्यात काम करणारा माणूस दगडाकडे कशाला वळला असेल? तो यक्ष इथंच, या आवाजात हवा होता असं मला वाटतं, पण माझ्या वाटण्याला कोण विचारतंय.

ओढ्याच्या काठी धपाटे खाल्ले, दही घरून नेलेलं. अण्णा बराच वेळ पाण्याकडे बघत होते. "एवढं वाहून चाललंय," म्हणाले, आणि पुढचं बोलले नाहीत. चढताना तीनदा बसले. मी हात पुढे केला तर झिडकारला.

घरी आलो तर शेजारच्या काकूंचा निरोप होता: उद्या पहाटे नळाची पाळी, आठवड्यानं. अण्णांनी जेवण झाल्यावर उठून तिन्ही ड्रम घासून ठेवले. मी गजर चारचा लावलाय.