पाच भोकांची पट्टी : हलत्या देखाव्यांच्या धंद्यातली आमची वाटचाल

आमच्या भोसरीच्या शेडमध्ये दाराशेजारी लोखंडाची एक पट्टी टांगलेली असते. रुंदी 25 मिलिमीटर, जाडी 6. एका टोकाला वायपर मोटरच्या शाफ्टवर बसणारं दातेरी तोंड आणि पुढे केंद्रापासून 20, 25, 32, 40 आणि 50 मिलिमीटरवर पाच भोकं. गणपती मंडळांचे हलते देखावे करायचा आमचा धंदा उभा राहिला तो या पट्टीवर. पुतळ्याच्या खांद्यातला लिव्हर 120 मिलिमीटरचा धरला, तर 25 च्या भोकात लिंक, म्हणजे लिव्हरपर्यंत जाणारी जोडदांडी, लावल्यावर हात साधारण 24 अंश फिरतो, 32 ला 31, 40 ला 39 आणि 50 ला 49. मान हलवायला 20 चं भोक पुरतं. आशीर्वादाच्या हाताला 32, तलवारीला 40. दांडपट्टा फिरवायचा असेल तरच 50 ला जायचं. देखाव्यातली कुठलीही हालचाल या पाच भोकांत बसते. दरवर्षी नव्याने मोजमाप करत बसावं लागत नाही.

ही पट्टी आमचे पहिले भागीदार काका यांनी केली. इथल्या एका मोठ्या वाहन कारखान्याच्या टूलरूममध्ये ते फिटर होते. पहिली पाळी सुटली की जेवून चारला शेडवर यायचे, आणि गुरुवारी दिवसभर. बाहेरच्यांना कळणार नाही म्हणून सांगतो, आपल्या एमआयडीसीची सुट्टी गुरुवारची. आमची निम्मी कामं गुरुवारीच झाली. काकांचा एक नियम होता : मोटरने फक्त ढकलायचं, वजन बेअरिंगने पेलायचं. या नियमाबाहेर केलेलं एकही काम दहा दिवस टिकलेलं आम्ही पाहिलं नाही.

हा धंदा पिंपरी-चिंचवडलाच का रुजला, याचं कारण सरळ आहे. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, 1966 मध्ये टेल्को (पुढची टाटा मोटर्स), आणि आकुर्डीला बजाज. 1970 साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून नगरपालिका झाली आणि 11 ऑक्टोबर 1982 ला महापालिका. कोकणातून, मराठवाड्यातून, खानदेशातून आलेली माणसं कामगार वसाहतींत राहिली आणि प्रत्येक वसाहतीने आपलं मंडळ काढलं. वर्गणी बेताची, पण हात पक्के. कुणी वेल्डर, कुणी पत्र्याचा कारागीर, कुणी वायरमन. पुण्याच्या पेठांसारखी शंभर वर्षांची परंपरा पाठीशी नव्हती. तिची उणीव आपल्या लोकांनी यंत्राने भरून काढली. चिंचवडला मोरया गोसावींची समाधी आहे, चापेकरांचा वाडा आहे, देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला असते. विषयांना तोटा नव्हता. हलवून दाखवणारा हवा होता, आणि तो आम्ही झालो.

आता मोटरविषयी. पंख्याची मोटर, मिक्सरची मोटर, शिलाई मशीनची मोटर, सगळं करून झालं आहे. वायपर मोटरला पर्याय नाही. आत वर्म (स्क्रूसारखे आटे असलेला दांडा) आणि त्याने फिरणारं नायलॉनचं गिअर असतं, त्यामुळे वेग मुळातच कमी आणि जोर भरपूर. कारची 12 व्होल्टची मोटर कमी वेगावर मिनिटाला 45 च्या आसपास फेरे मारते. देखाव्याला हे जास्त होतं, महाराज तलवार चालवत नाहीत, माश्या हाकलतायत असं दिसतं. आम्ही ट्रकची 24 व्होल्टची मोटर 12 व्होल्टवर चालवतो. वेग निम्म्यावर, 20 ते 22 फेऱ्यांवर येतो, मोटर गरम होत नाही आणि हालचाल भारदस्त दिसते. संध्याकाळी पाच तास धरले तर दहा दिवसांत सहासष्ट हजार हेलकावे होतात. हीच कारची मोटर असती तर एक लाख पस्तीस हजार झाले असते. झीज कुणाची जास्त, हे वेगळं सांगायला नको.

पुष्कळ मोटरींमध्ये ऋण टोक बॉडीलाच जोडलेलं असतं. म्हणून मोटर थेट लोखंडी सांगाड्यावर न कसता रबरी बुश घालून बसवा, नाहीतर एका मोटरचा शॉर्ट सगळा देखावा बंद पाडतो. प्रत्येक मोटरला 10 अँपिअरचा वेगळा फ्यूज हवाच. आणि मोटरसोबत आलेली मूळ क्रँक, म्हणजे शाफ्टवर बसणारी फिरती पट्टी, भंगारात टाकू नका. शाफ्टवरचा दातेरी निमुळता भाग हाताने होत नाही. त्या क्रँकचं तोंड कापून आपल्या पट्टीला वेल्ड करायचं. काकांनी केलं ते हेच.

मानेसाठी आम्ही बजाजच्या चेतक स्कूटरच्या गिअर केबल वापरल्या. चेतकच्या डाव्या मुठीतून गिअरच्या दोन केबल निघतात. एक ओढली जाते तेव्हा दुसरी सुटते. तोच न्याय मानेला लावला की परतीचं स्प्रिंग लागत नाही आणि धक्काही बसत नाही. बाहेरचं आवरण मात्र दोन्ही टोकांना पक्कं धरलेलं हवं. ते सुटं राहिलं तर केबलऐवजी आवरणच हलतं आणि मान जागच्या जागी राहते. नवे कारागीर आजही हीच चूक करतात.

पहिल्या पंधरा-सोळा वर्षांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. कामं येत गेली, पैसे मिळत गेले. टाटांची इंडिका गाडी रस्त्यावर आली त्या सुमारास आमच्याकडे नऊ मंडळं होती.

मग शहरात एक व्यावसायिक आला. नाव घेत नाही. फायबरचे तयार पुतळे, आत मोटर बसवलेली, भाड्याने, फिटिंग फुकट. आमच्या दराच्या जवळपास निम्म्यात. नऊपैकी सहा मंडळं एका महिन्यात गेली. आम्ही तेव्हा साठ मोटरी उधारीवर उचललेल्या होत्या, सांगाड्यांसाठी 25 मिलिमीटरचा चौकोनी पाइप कापून ठेवला होता, मूर्तिकाराला उचल दिली होती. कमी दराला आमची हरकत नव्हती. काम बरोबर असतं तर आम्ही गप्प बसलो असतो. पण त्या पुतळ्यांत काय होतं ते या धंद्यातल्या माणसाने ऐकावं.

हात थेट मोटरच्या शाफ्टवर बसवलेला. ना लिंक, ना बेअरिंग, ना प्रतिवजन. हात खालीवर व्हावा म्हणून रिलेने (विजेवर चालणाऱ्या स्विचने) दर दोन सेकंदांनी मोटरची दिशा उलटवलेली. दिशा उलटताना ब्रशपाशी ठिणगी पडते, आणि हाताच्या वजनाचा झटका नायलॉनच्या गिअरच्या त्याच दोन-तीन दातांवर पुन्हा पुन्हा बसतो. सव्वा किलोची तलवार खांद्यापासून 60 सेंटिमीटरवर म्हणजे काय ओझं होतं, याचा हिशेब कुणी केलेलाच नव्हता. त्यातच मोटर फायबरच्या छातीत बंद, वाऱ्याला वाट नाही. तिसऱ्या दिवशी पहिला पुतळा थांबला, पाचव्या दिवसापर्यंत चार मंडळांचे देखावे बंद होते. रात्री अकराला मंडळांची पोरं आमच्या दारात.

आम्ही गेलो. गणपतीच्या कामाला नाही म्हणायचं नसतं. अशा वेळी तासाभरात जे करता येतं ते असं. पाठीमागे आडोशाला हाताएवढं भोक पाडून छाती उघडी करायची. गिअर बदलायचं, जुनी ग्रीस पुसून नवी भरायची. खांद्यात 20 मिलिमीटरचा शाफ्ट टाकून दोन्ही बाजूंना यूसीपी 204 (त्या मापाची, पायासकट येणारी) बेअरिंग बसवायची. मोटर खाली कमरेत आणून पट्टी आणि लिंकने हात ढकलायचा. मग काखेच्या मागे, शाफ्टपासून 20 सेंटिमीटरवर प्रतिवजन टांगायचं. तलवार 1.2 किलो आणि 60 सेंटिमीटर, म्हणून इकडे 3.6 किलो. बोटाने हात वर ढकलला आणि तो तिथेच थांबला, की तोल साधला समजावं. तोल साधल्याशिवाय मोटर जोडायचीच नाही.

चारही देखावे अनंत चतुर्दशीपर्यंत चालले. दोन मंडळांनी बिल दिलं, दोघांचं आजतागायत बाकी आहे. पुढच्या वर्षी त्या व्यावसायिकाच्या पुतळ्यांत आमचीच रचना दिसली : कमरेत मोटर, लिंक आणि पट्टी. पट्टीवर भोकंसुद्धा पाच, 20, 25, 32, 40, 50. उघड्या पुतळ्यांवरून मापं घेतली गेली होती. विचारलं तर उत्तर मिळालं की भोकं कुणाच्या मालकीची नसतात. कायद्याने ते खरं असेल. पण काकांनी कानस घेऊन घालवलेल्या त्या गुरुवारांचं मोल कुठल्या बिलात धरलं गेलं? त्या वर्षी आम्हाला लेथ विकावा लागला. ती जागा शेडमध्ये अजून मोकळीच आहे.

तगलो ते चिंचवडच्या एका वसाहतीतल्या मंडळामुळे. त्यांनी आम्हाला एकदाही सोडलं नव्हतं. चापेकरांचा देखावा त्यांनीच करून घेतला होता : 22 जून 1897 ची रात्र, गणेशखिंडीचा रस्ता, रँडची बग्गी. बग्गी जागेवरच, चाकं फिरतात, मागचा झाडांचा पडदा दोन रुळांवरून उलट दिशेला सरकतो, आणि ‘गोंद्या आला रे’ ही हाक झाली की दामोदरपंतांचा हात वर येतो. लेथ विकल्याचं कळल्यावर त्या मंडळाने आषाढातच पूर्ण रक्कम हातात ठेवली आणि आपल्या शहराचाच देखावा मागितला.

त्यातलं मुख्य काम होतं स्कूटरची असेंब्ली लाइन. बारा फुटांवर 44 दात्यांची दोन चक्रं, त्यावर सायकलची चेन, 620 कड्या, म्हणजे सहा सायकलींच्या चेन जोडून. मोटरला 18 दात्यांचं चक्र, तिथून 44 च्या चक्राला वेगळी चेन. सेकंदाला साडेआठ सेंटिमीटर वेग, दीड मिनिटात एक फेरी. चेनवर 33 सेंटिमीटरच्या अंतराने पत्र्याच्या चोवीस प्रतिकृती, सहा टप्प्यांच्या चार माळा. बारा फुटांत चेन झोळ खाते आणि वरची प्रतिकृती पुढे झुकते, म्हणून खाली नायलॉनची पट्टी अंथरली. तरी पहिल्या संध्याकाळी चेन सुटली. जोडकडीची क्लिप उलटी बसली होती. क्लिपचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला हवं. ते मागे राहिलं तर उघडी टोकं कशाला तरी अडकतात आणि क्लिप उडते. सायकलच्या दुकानातलं पोरगंही हे जाणतं, आमच्याकडून घाईत राहिलं.

दुसऱ्या दिवशी आकुर्डीच्या प्लँटमधले एक कामगार देखावा बघायला थांबले. दोन फेऱ्या पाहिल्या आणि म्हणाले, “पहिला टप्पा चुकला. चेतकला वेगळी फ्रेम कुठे असते? पत्र्याचं अंग हीच तिची फ्रेम.” खरंच होतं. आम्ही मोटरसायकलसारखी नळ्यांची फ्रेम केली होती. त्याच रात्री चारही प्रतिकृती उतरवून पत्र्याचं पोकळ अंग बसवलं आणि इंजिन उजव्या बाजूला घेतलं. या शहरात देखावा करताना हे धरूनच चालावं लागतं. समोर उभा असलेला माणूस ती वस्तू रोज हाताने जोडत असतो. 2007 मध्ये आकुर्डीतलं स्कूटर-मोटरसायकलचं उत्पादन थांबलं, तेव्हा मंडळाने तीच लाइन पुन्हा मागितली. त्या वर्षी सहाव्या टप्प्यापाशी लोक फार वेळ थांबत होते.

रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करायचा नियम 2000 साली आल्यापासून दुसऱ्या पाळीवाल्यांचा प्रश्न झाला. अकराला सुटणाऱ्यांनी देखावा बघायचा कधी? आम्ही आवाजाची आणि हालचालीची यंत्रणा वेगळी केली. प्रत्येक प्रसंगाच्या सुरुवातीला लिमिट स्विचवर (भाग टेकला की दाबला जाणाऱ्या बटणावर) हालचाल मूळ जागी येते आणि तिथून पुढे निघते. आवाज असो वा नसो, क्रम चुकत नाही. आधी कॅसेटच्या भरवशावर चालायचं तेव्हा जनरेटरवर भार आला की मोटरी मंदावायच्या, आणि दहाव्या खेळाला हाक आधी, हात नंतर व्हायचा.

2020 ला मंडळांच्या मूर्तीलाच चार फुटांची मर्यादा आली, देखावे नव्हतेच. पायाने दाबायचे सॅनिटायझर स्टँड आणि आयटीआयसाठी कापून दाखवलेली गिअरबॉक्सची मॉडेल्स यांवर दोन वर्षं निघाली. 2025 च्या फेब्रुवारीत कुदळवाडीची भंगार गोदामं पाडली गेली, तेव्हापासून ट्रकच्या चांगल्या मोटरी मिळवणं अवघड झालं आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी मिळतात, पण बॅटरी सोबत नेऊन, लावून, मोटर कानाला धरून घ्या. वर्म झिजलेला असेल तर कुरकुर ऐकू येते.

अलीकडे मंडळं एलईडीचा पडदा लावतात. तो त्यांचा प्रश्न. ज्यांना अजून हलता देखावा करायचा आहे त्यांनी वायरीत काटकसर करू नये. 12 व्होल्टची मोटर पंधरा मीटरवर 1 चौरस मिलिमीटरच्या वायरने चालवली तर 4 अँपिअरला दोन व्होल्ट वाटेतच जातात, आणि टोकाचा पुतळा पेंगतो. 2.5 ची वायर घ्या, किंवा पॉवर सप्लाय पुतळ्याजवळ न्या.

आणि विसर्जनानंतरचं काम पोरांवर सोडू नका. वायरी कापायच्या नाहीत, सोडवायच्या. सोडवण्याआधी प्रत्येक जोडाचा फोटो, प्रत्येक मोटरवर रंगाने नंबर, आणि लिंक कुठल्या भोकात होती ते त्या नंबरशेजारी. मोटरींची तोंडं ग्रीस लावून प्लॅस्टिकमध्ये बांधायची आणि शाफ्ट वर करून फळीवर ठेवायच्या. जमिनीवर ठेवलेल्या मोटरी पुढच्या श्रावणात गंजून जाम निघतात.