गाठीतले शेजारी

प्रबंधासाठी मी दोन लिम्फोमांमधली, म्हणजे बी-पेशी या पांढऱ्या पेशींच्या दोन कर्करोगांमधली, जीन एक्स्प्रेशन (कुठलं जनुक किती सक्रिय आहे ते) ताडून बघत होते. एक फॉलिक्युलर, वर्षानुवर्षं संथ राहू शकणारा. दुसरा डिफ्यूज लार्ज बी-सेल, उपचार लांबले तर जिवावर बेतणारा.

गाठींचे तुकडे मेणात जपलेल्या जुन्या पॅराफिन ब्लॉकमधून आरएनए, म्हणजे जनुकांची सक्रियता ज्यावरून मोजतात तो रेणू, काढण्यातच चार महिने गेले. फॉर्मलिनमध्ये (ऊती टिकवण्याच्या द्रावणात) त्याचे तुकडे पडतात, त्यामुळे बरेच नमुने गाळावे लागले. मग पहिला आलेख आला आणि दोन्ही आजार अगदी स्वच्छ वेगळे झाले! मी आनंदाने माझ्या मार्गदर्शक मॅडमना दाखवला. त्यांनी एवढंच विचारलं, "कुठले नमुने कुठल्या बॅचमध्ये चालवलेस?" संथ सगळे पहिल्या, आक्रमक सगळे दुसऱ्या. आजाराचा फरक आणि बॅचचा, म्हणजे नमुने वेगवेगळ्या वेळी चालवल्याने येणारा, फरक आता कुठल्याच सॉफ्टवेअरने सुटा होणार नव्हता. दोन्ही प्रकार प्रत्येक बॅचमध्ये मिसळून सगळं पुन्हा केलं.

या वेळी आक्रमक गाठींत एमकेआय६७सारखी पेशीविभाजनाची जनुकं वर आली. ते अपेक्षितच होतं. बीसीएल२ या जनुकाने मात्र मला चकवलं. फॉलिक्युलरमध्ये १४ आणि १८ या गुणसूत्रांच्या अदलाबदलीमुळे ते वाढतं आणि पेशी मरायचं टाळते, हे पाठ होतं. पण कितीतरी आक्रमक गाठींतही ते तितकंच चढलेलं होतं. न मरणं वेगळं आणि झपाट्याने वाढणं वेगळं, हे मला तेव्हा खरं उमगलं.

संथ गाठींच्या यादीत सीडी३सारखी टी-पेशींची, म्हणजे दुसऱ्याच प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशींची, जनुकं होती. कर्करोग तर बी-पेशींचा! पॅथॉलॉजीच्या सरांनी स्लाइड समोर ठेवली. फॉलिकल्सच्या (बी-पेशींच्या गोलसर पुंजक्यांच्या) आत आणि मधल्या जागेत निरोगी टी-पेशींची दाटी होती. आक्रमक गाठीत मोठ्या बी-पेशींचा सलग थर, बाकीच्यांना जागाच नाही. म्हणजे मी ज्याला कर्कपेशीतला बदल समजत होते, त्यातला बराचसा भाग ही शेजाऱ्यांची शिरगणती होती.

पेशींचं प्रमाण हिशेबात धरल्यावर यादी बरीच आटली. ती जनुकं मी टाकून मात्र दिली नाहीत. २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, फॉलिक्युलर लिम्फोमाचे रुग्ण किती जगतात याचा संबंध गाठीतल्या निरोगी रोगप्रतिकारक पेशींच्या जनुकांशी दिसला होता. म्हणून प्रबंधात त्यांना स्वतंत्र प्रकरण दिलं, आणि सगळ्यात आधी तेच लिहायला घेतलं.