थंडीने करपलेली बाग: कात्री अजून लांबच

मागच्या नोंदीत पारा शून्याच्या बराच खाली गेला आणि सकाळी बाग काळवंडलेली दिसली, इथवर आलो होतो. त्यानंतर बरंच काही बदललंय. संपलंच म्हणून ज्यांच्यावर पाणी सोडलं होतं त्यांतली काही झाडं फुटायला लागलीत. आणि हिरवंगार दिसणारं एक झाड हळूहळू मान टाकतंय.

जास्वंदीची पानं त्या सकाळी आधी काचेसारखी कडक होती, ऊन आल्यावर लिबलिबीत काळी झाली. बर्फ आधी पेशींच्या मधल्या फटींत धरतो आणि पेशींतलं पाणी बाहेर खेचून घेतो. त्या कोरड्या पडतात, त्यांचं आवरण फाटतं आणि बर्फ वितळला की सगळं पाणी पानात पाझरतं. अशी पानं परत उभी राहत नाहीत. फांद्यांचं मात्र तसं नाही. शेंड्याकडून नखाने साल खरवडत खाली आलो. वर तपकिरी आणि सुकी, मध्ये फिकट, बुंध्याजवळ ओली हिरवी. चांगला आणि मेलेला भाग जिथे मिळतो तिथे दोरा बांधून ठेवला होता. परवा पाहिलं तर मेलेला भाग दोऱ्याच्या बराच खाली सरकलाय. त्या वेळी कापलं असतं तर आता परत कापावं लागलं असतं. शिवाय छाटणी केली की झाड कोवळे धुमारे काढतं, आणि थंडीची आणखी एक लाट आली की पहिला बळी त्यांचाच. वाळलेल्या काटक्या दिसायला वाईट, पण खालच्या डोळ्यांना, म्हणजे जिथून नवे कोंब फुटतात त्या जागांना, थोडा आडोसा देतात. राहू देत.

थांबण्याच्या नियमाला एकच अपवाद केला, तो चाफ्यासाठी. सुकून मेलेलं लाकूड वाट पाहू शकतं, सडणारं नाही. चाफ्याचे जाड शेंडे बोटाने दाबले की आत जात होते आणि कुज खाली उतरत होती. सुरी प्रत्येक कापाला स्पिरिटने पुसून चकत्या काढत गेलो. तपकिरी गाभा, परत तपकिरी, मग एकदाचा पांढरा स्वच्छ गाभा आणि भळभळता चीक. तिथे थांबलो. काप उघडेच सुकू दिले आणि पाणी पूर्ण बंद. आता ते टणक आहेत.

सगळ्यात जास्त वेळ मी लिंबाजवळ काढतोय. एका बाजूची पानं गळून गेली, दुसऱ्या बाजूची वाळून फांदीलाच चिकटून राहिली. बघणाऱ्याला पानं असलेली बाजू बरी वाटते. खरं उलट आहे. पान टाकण्यासाठी देठाशी जिवंत पेशींना काम करावं लागतं, म्हणजे उघड्या फांद्यांत जीव होता. जिथे पानं लटकून राहिली तिथली काडीच बहुधा पानाबरोबर गेली. खरवडून पाहिलं तेव्हा तसंच निघालं.

बुंध्याशी भराभर फुटवे आले आणि क्षणभर हायसं वाटलं. जवळून पाहिलं तर प्रत्येक पानाला तीन पर्णिका. म्हणजे हे कलमाच्या जोडाखालून आलेले, खुंटाचे, म्हणजे ज्या मुळाच्या झाडावर लिंबाचं कलम बांधलंय त्याचे. त्रिपर्णी संत्र्याचा खुंट थंडीला लिंबापेक्षा कितीतरी चिवट असतो, त्यामुळे तो जगला यात नवल नाही. ते वाढू दिले तर झाड दिसेल छान, लिंबं मात्र कधीच येणार नाहीत. कोवळे असतानाच अंगठ्याने मोडून काढले. जोडाच्या वर दोन डोळे फुगलेत, माझा सगळा जीव त्यांच्यावर. पानांची सावली गेल्यामुळे उघड्या पडलेल्या खोडाला उन्हाचा चटका बसू नये म्हणून पाण्यातला पांढरा रंग पातळ करून लावलाय.

बोगनवेल जमिनीपर्यंत वाळली आणि मुळाशी फुटली, तिची काळजी नाही. केळीचं खोड चिखल झालं, पण कंद जमिनीत शाबूत आहे आणि मुनव्याचं, म्हणजे कंदातून येणाऱ्या नव्या रोपाचं, टोक दिसतंय. कढीपत्त्याचेही मुळांवरून फुटवे येताहेत.

मान टाकणारं झाड म्हणजे कुंडीतला अनंत. जमिनीतला अनंत थोडी पानं करपून मोकळा झाला, कुंडीतल्याची पानं सुरुवातीला त्याच्याहून चांगली होती. पण मुळं फांद्यांइतकी थंडी सोसत नाहीत. जमिनीत त्यांना मातीची ऊब असते, कुंडी मात्र चारी बाजूंनी गार पडते. माती काढून पाहिली तर मुळांची साल बोटाला सुटून येत होती. पानांत साठवलेलं पाणी संपेपर्यंत झाड हिरवं दिसलं, एवढंच. यापुढे अशा रात्री कुंड्या भिंतीलगत एकमेकींना चिकटून आणि भोवती वाळलेला पाला. झाकायला जमिनीपर्यंत पोचणारं कापडच. प्लास्टिक जिथे पानाला टेकलं होतं, तिथेच पानं करपलीत.

खत कुणालाच नाही. पानंच नाहीत तर झाड पाणी पिणार तरी किती, म्हणून पाणीही माती चाचपूनच. नवी पालवी निबर झाली की खताचा विचार.

पामचं कोडं सुटलेलं नाही. मधला न उघडलेला कोंब हलकेच ओढला तर हातात आला, बुडाशी कुजकट वास. पामला वाढीचं टोक एकच, ते गेलं की त्या खोडाचा खेळ संपला. पण कोंब सुटला म्हणजे टोक मेलंच असं नसतं, कधी महिन्यांनी त्याच पोकळीतून नवं पान वर येतं. पोकळी साफ करून तांब्याचं बुरशीनाशक ओतलं, बाजूची अर्धी हिरवी पानं तशीच ठेवली, आणि वरून पाणी पडणार नाही एवढं बघतोय. पूर्ण उन्हाळा त्याला देणार.