जहाज मळवताना

प्लॅस्टिकचं जहाज जोडायला चिकाटी लागते, अक्कल फारशी लागत नाही. सूचनापत्रिकेत आकडे दिलेले असतात, त्या क्रमाने तुकडे कापायचे, घासायचे, चिकटवायचे. अक्कल लागते ती पुढे. जोडून, रंगवून, नव्या नवरीसारखं समोर उभं राहिलेलं जहाज मळवायचं असतं तेव्हा. आमच्या हॉबीत या उद्योगाला ‘वेदरिंग’ म्हणतात. आमच्या घरात याला ‘पैसे देऊन आणलेली वस्तू खराब करणं’ म्हणतात. बायकोचं म्हणणं असं की इतकीच हौस असेल तर ती बोट एक पावसाळा बाल्कनीत ठेव, मुंबईची हवा फुकटात काम करून देईल.

तिचं चुकतं एवढंच, की मुंबईची हवा सगळीकडे सारखीच मळवते. जहाज तसं मळत नाही. जहाजावरच्या प्रत्येक डागाला पत्ता असतो आणि कारण असतं.

सध्या टेबलावर आहे ते लिबर्टी जहाज, दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन मालवाहू. जर्मन पाणबुड्या बुडवत होत्या त्याहून वेगाने जहाजं बांधायची, असा सरळ हिशेब होता. १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेने अशी २,७१० जहाजं पाण्यात सोडली. आराखडा मुळात ब्रिटिश, इंजिन त्या काळीही जुनाट वाटावं असं वाफेचं, वेग ११ नॉट, म्हणजे ताशी वीसेक किलोमीटर; धड सायकलस्वारही मागे टाकेल. रूप तर विचारूच नका. अध्यक्ष रूझवेल्टसाहेबांनाही ती दिसायला भयंकर वाटली होती. पण नोव्हेंबर १९४२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिचमंडला ‘रॉबर्ट ई. पिअरी’ हे यातलं एक जहाज तळाची पहिली पट्टी ठेवल्यापासून पाण्यात उतरेपर्यंत पाच दिवसांच्या आत उभं राहिलं. आमच्या सोसायटीच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग तिसऱ्या वर्षात आहे, म्हणून हा आकडा मला जरा जास्तच भावतो.

हे जमलं ते रिव्हेट ठोकण्याऐवजी पत्रे वेल्डिंगने जोडल्यामुळे. त्याची किंमतही मोजावी लागली. गार समुद्रात काही जहाजांना तडे गेले, दोनचार तर चक्क दुभंगली. खापर आधी वेल्डरांच्या डोक्यावर फुटलं. केंब्रिजच्या धातुशास्त्रज्ञ कॉन्स्टन्स टिपर यांनी मग दाखवून दिलं, की ते पोलाद थंडीत ठिसूळ होतं. रिव्हेटच्या जहाजात तडा पत्र्याच्या कडेशी अडतो. वेल्डिंगने सगळं अखंड झालेलं, त्यामुळे तो अडायला कडाच नाही. मालाच्या तोंडांचे, म्हणजे हॅचचे चौकोनी कोपरे ही त्याची आवडती सुरुवातीची जागा. मॉडेलवर हे कोपरे अर्ध्या नखाएवढे आहेत. तिथे रंग लावताना माझा हात अजूनही उगाच हलका होतो.

मुंबईत असं जहाज करायला घेतलं की साठीच्या पुढचा प्रत्येक पाहुणा एकच प्रश्न विचारतो. “हे ते गोदीत फुटलेलं का?”

ते नव्हे. ते ‘फोर्ट स्टिकीन’. १९४२ साली कॅनडात प्रिन्स रुपर्टला बांधलेलं, याच घराण्यातलं पण थोरल्या शाखेचं. लिबर्टीचा डेकवरचा डोलारा मधोमध एकगठ्ठा असतो. फोर्ट जहाजाचा दोन ठिकाणी विभागलेला. पुढे ब्रिज, मागे धुराड्याचा भाग आणि दोहोंच्या मधे तिसरं हॅच. हा फरक मी उत्साहाने समजावून सांगतो, पण पाहुण्याला त्यात रस नसतो. त्याला त्याच्या वडिलांनी किंवा आजीने सांगितलेलं मला सांगायचं असतं, आणि ते मी दर वेळी ऐकतो. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉक. सुमारे १,४०० टन दारूगोळा आणि त्याच जहाजात कराचीला चढवलेल्या कापसाच्या गाठी. दुपारी धूर दिसला, बंबवाले धावले, चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा. सिंदिया कंपनीचं ‘जलपद्मा’ पाण्यातून उचलून धक्क्यावर टाकलं गेलं. फोर्ट स्टिकीनवरच्या सोन्याच्या लगडी उडून गावात पडल्या, पुढे वर्षानुवर्षं गाळ उपसताना सापडत राहिल्या. बंबवाल्यांपैकी ६६ जण परत आले नाहीत. भायखळ्याला अग्निशमन दलाच्या मुख्यालयात त्यांचं स्मारक आहे. अग्निशमन सप्ताह १४ एप्रिललाच का सुरू होतो, हे मात्र पुष्कळ मुंबईकरांना ठाऊक नसतं. सोन्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते.

फोर्ट स्टिकीनचं मॉडेल कर, असंही काही जण सुचवतात. मला ते करवत नाही. मी जहाजाला जे डाग देतो ते त्याने कमावलेले असतात: वाऱ्याचे, पाण्याचे, कामाचे. त्या जहाजावर कितीही सुंदर गंज काढला तरी बघणारा शेवटी होल्ड नंबर दोनच, म्हणजे आग लागली तो मालाचा कप्पाच शोधणार.

तर गंज. इंटरनेटवरची बहुतेक युद्धकालीन मालवाहू मॉडेलं पाहिली तर वाटतं, ती महायुद्धात नसून महाभारतात वापरली होती. नखशिखांत तांबडी. प्रमाण १:३५० असलं की एक मिलिमीटर म्हणजे ३५ सेंटिमीटर. ब्रश जरासा ओला राहिला आणि दोन मिलिमीटरचा ओघळ उमटला, तर खऱ्या जहाजावर तो हात-दीड हात रुंदीचा पाट झाला. मिठाची एक प्रसिद्ध युक्ती आहे: गंजाच्या रंगावर ओलसरपणी मीठ भुरभुरायचं, वर राखाडी रंग मारायचा, वाळल्यावर मीठ पुसून काढायचं, की पोपडे उडाल्यासारखं दिसतं. मोठ्या रणगाड्याला ठीक. या जहाजावर बारीक मिठाचा एक दाणासुद्धा खऱ्या मापात वीतभर भरेल. शिवाय जुलैत आमच्याकडचं मीठ बरणीतून भुरभुरत नाही, ढेकळाने येतं. त्याच दिवसांत मॅट वार्निशही मारायचं नसतं; हवेतली ओल पकडून त्यावर पांढरट ढग धरतो. पावसाळ्यात मी म्हणून फक्त डेरिकच्या, म्हणजे माल उचलायच्या दांड्यांच्या दोऱ्या ओवतो.

डागांचे पत्ते मला सासऱ्यांनी शिकवले. बाबांची सगळी नोकरी गोदीत गेली. पहिल्यांदा मॉडेल पाहिलं तेव्हा त्यांनी चष्मा वर सरकवला, बराच वेळ निरखलं आणि म्हणाले, “जावईबापू, इथं गंज कशापायी?”

“जुनं दिसायला.”

“जुनं नंतर बघू. इथं पाणी येतंय कुठून?”

त्यांना घेऊन एका रविवारी भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचमध्ये बसलो. रेवसला काहीच काम नव्हतं. बंदरात नांगरलेल्या जहाजांच्या कुशीवरून लाँच जाते, तेवढ्यासाठी. सबंध प्रवासभर बाबा बोट दाखवत राहिले. नांगराच्या भोकाखालचा ओघळ सगळ्यात ठळक, कारण साखळी वर येताना चिखल आणि खारं पाणी घेऊन येते आणि भोकाची कड घासते. डेकवरचं पाणी जिथून बाहेर पडतं, तिथे खाली ताजा, नारिंगी ओघळ. स्वयंपाकघराच्या बाजूचा ओघळ तपकिरी नाही, काळपट तेलकट. धक्क्याला लागताना घासलेल्या जागा आडव्या, ओघळ उभे. आणि मधेच राखाडीवर वेगळ्याच राखाडीचे चौकोन.

हे चौकोन मी फोटोत कित्येकदा पाहिले होते आणि सावली समजून सोडले होते. ते खलाशाच्या हाताच्या मापाचे असतात. कुशीवरून फळी सोडायची, तिच्यावर बसून हातोडीने गंजाचे पोपडे उडवायचे, लाल प्रायमर लावायचा, वरून रंग. हात पोचतो तेवढंच. मग फळी पुढे. दुसऱ्या डब्यातला रंग पहिल्याशी कधी जुळत नाही. “युद्धात तर त्यांना फळी सोडायला कुठलं बंदर मिळणार? मिळालं की तेवढ्यात जमेल तेवढं,” बाबा म्हणाले. म्हणजे जहाजावर नुसता समुद्राचा हिशेब नसतो. कोणाला किती वेळ मिळाला, त्याचाही असतो. घरी येऊन दोन-दोन मिलिमीटरचे चौकोन काढले. तेव्हा त्या जहाजावर पहिल्यांदा माणसं असल्यासारखं वाटलं.

पण ही जहाजं तर कोरी होती, असा माझा एक आक्षेप होता. पाचेक वर्षं टिकली तरी पुरे, या बेताने बांधलेली. पहिल्या दोन वर्षांत असा किती गंज धरणार? बाबांनी तो एका वाक्यात निकालात काढला. “खारं पाणी वय विचारत नाही.”

रंगांची जुळवाजुळव मात्र इथल्या इथे होते. ओघळांना विदेशी बाटल्यांपेक्षा चित्रकारांचे तैलरंग बरे. बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर आणि नखाएवढा पिवळा. ताज्या गंजात पिवळं जास्त, जुन्यात काळं जास्त. ठिपका ठेवायचा, आणि जवळजवळ कोरड्या ब्रशने वरून खाली ओढायचा. एअरब्रशचा कॉम्प्रेसर नागदेवी स्ट्रीटवर घेतला. दुकानदाराने विचारलं, “गणपतीचं काम करता?” मी जहाज म्हटल्यावर त्याने दिलेली दोन टक्के सवलत परत घेतली.

गंजाचे खरे रंग बघायचे असतील तर हार्बर लाइनने रे रोडला उतरायचं. पूर्वेला दारूखाना. तिथे जहाजं मोडतात, कापलेले पत्रे ट्रकवर लादलेले असतात. आत कोणी सोडत नाही आणि सोडू नये. पण रस्त्यावरून जाणारा एकेक पत्रा म्हणजे पानभर नमुना. कडेला जांभळट, मध्ये चॉकलेटी, पोपडा उडाला तिथे हळदीसारखा पिवळा, आणि सगळ्याच्या खाली कुठल्या तरी कंपनीच्या निळ्या रंगाचे तीन थर. मी फोटो काढायला लागलो की ट्रकवाला पोलिसांकडे पाहतो तसा माझ्याकडे पाहतो.

आता जहाज बरंचसं मळलं आहे. माल उतरवलेल्या अवस्थेत ठेवायचं ठरवलं, म्हणजे लाल पोट वर दिसतं, पंख्याची पाती अर्धी पाण्याबाहेर येतात आणि शेवाळाचा हिरवा पट्टा काढायला मिळतो. धुराड्याच्या मागच्या बाजूला काजळी आहे. माल ओढणाऱ्या वाफेच्या विंचांखाली तेलाचे आणि पाण्याचे डाग आहेत, कारण त्या विंच गळतातच. मी समाधानाने बाबांना बोलावलं. त्यांनी नांगरापासून सुकाणूपर्यंत नजर फिरवली, दोन ठिकाणी मान हलवली.

“माणसं किती यावर?”

“खलाशी चाळीसेक. तोफांवरचे नौसैनिक वेगळे.”

“मग यांचे कपडे कुठं वाळतायत?”

गेला आठवडा मी टिश्यू पेपरचे शर्ट कापतोय. एक शर्ट दोन मिलिमीटर. मागच्या डेकवर दोरी बांधून झाली आहे, सात शर्ट लटकले आहेत, आणि बायको काल पहिल्यांदाच आपणहून टेबलापाशी येऊन उभी राहिली. बारकाईने पाहिलं आणि म्हणाली, “चिमटे नाही लावलेस. उडून जातील.”