अकरावा कोयता

2024 चा दसरा जवळ आला होता. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या गाड्या भरायच्या तयारीत होत्या, तेव्हा एक बाई अकरावीतल्या मुलाला घेऊन मजुरांचे हिशेब तपासणाऱ्या आमच्या केंद्रावर आल्या. नवरा जूनमध्ये वारला होता. मुकादमाचं, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराचं म्हणणं, 98,130 रुपये बाकी आहे. मायलेकांनी मिळून एक कोयता, म्हणजे तोडणाऱ्यांची एक जोडी, लावावा आणि बाकी फेडावी. मुलगा 17 वर्षांचा.

मुकादमाच्या वहीत 2023-24 च्या हंगामाच्या मोजक्याच ओळी होत्या. नावे, म्हणजे मजुराकडून येणं : उचल (हंगामाआधी दिलेली आगाऊ रक्कम) 1,20,000, अठरा आठवड्यांची खर्ची (घरखर्चाचे पैसे) 18,000, बारा दिवसांचा खाडा (कामावर नसल्याचा दंड) 12,000. जमा : 190 टन, दर 273, म्हणजे 51,870. बेरीज-वजाबाकी बरोबर होती, आणि बहुतेक लोक इथेच हार मानतात. वहीतली आकडेमोड सहसा चुकत नाही. तपासायचं असतं ते वहीत आलेले आकडे कुठून आले हे.

या घरात एक गोष्ट वेगळी होती. वडील रोज रात्री कोपीवरून, म्हणजे तोडीच्या ठिकाणच्या झोपडीतून, फोन करून त्या दिवशीच्या खेपेचं काट्यावरचं वजन सांगायचे आणि मुलगा ते शाळेच्या वहीत तारखेनिशी लिहायचा. आम्ही साखर कारखान्याच्या शेती विभागाकडून त्या टोळीच्या कोडचा टनेज उतारा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या वजनाची नोंद, मागवला. उताऱ्यात एकूण 2,090 टन. मुलाच्या वहीत दोन खेपा सुटल्या होत्या, बाकी सगळं जुळलं.

टोळी दहा कोयत्यांची. टनेज सारखं वाटलं तर एका जोडीला 209 टन यायला हवेत, पण वहीत 190 होते. 2,090 ला अकराने भागलं की 190 येतात. अकरावा कोयता मुकादमाच्या चुलतभावाच्या नावाचा होता आणि तो हंगामभर फडात आलाच नव्हता. मुकादमाचं कमिशन कारखाना तोडणीच्या रकमेवर वेगळं देतो. त्यासाठी मजुराच्या टनेजला हात लावायचं कारणच नाही.

दुसरी गोष्ट दराची. जानेवारी 2024 च्या करारात तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला, टनाला 273 वरून 366 रुपये, आणि तो त्याच हंगामापासून लागू होता. फरक टोळीच्या हिशेबात यायला हवा होता. तो आला, पण वहीत उतरला नाही. 209 गुणिले 366, म्हणजे 76,494.

तिसरी खाड्याची. त्या बारांपैकी सात दिवस ट्रॅक्टर बंद होता, म्हणजे दहाही कोयते बसून होते. उरलेले पाच दिवस वडील तापाने पडून होते. आजारी माणसाकडून दिवसाला हजार रुपये दंड घ्यायची रीत मोडलीच पाहिजे. आम्ही बाराही खाडे काढून टाकले.

एवढं करूनही 61,506 रुपये बाकी उरलीच. मला त्या दिवशी सगळ्यात जास्त हे टोचलं. 1,20,000 ची उचल 366 च्या दराने फेडायला 328 टन तोडावे लागतात. एक जोडी दिवसाला सरासरी पावणेदोन टनांच्या आसपास तोडते. म्हणजे पावणेदोनशे-दोनशे दिवस लागतात. पट्टा त्याच्या कितीतरी आधी पडतो, म्हणजे हंगाम संपतो. मुकादम प्रामाणिक असता तरी ही जोडी फिटली नसती. तो मला म्हणाला, ‘‘ताई, मलाबी ट्रॅक्टरवाल्याकडून उचल घ्यावी लागते, दोन जोड्या पळून गेल्या, ते मी कुठून भरू?’’ ते खरं होतं. पण ते या बाईंनी भरायचं नव्हतं.

उरलेल्या बाकीवर कायदा स्पष्ट आहे. बापाची उचल मुलाने अंगमेहनतीने फेडायची, याला 1976 चा वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा वेठबिगारीच म्हणतो आणि असं कर्ज रद्द ठरवतो. ते वेठबिगारीचं कर्ज नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर असते. शिवाय 17 वर्षांच्या मुलाने सही केलेला उचलीचा करार कायद्याने टिकत नाही. आम्ही उपविभागीय दंडाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहिला. सोबत टनेज उतारा, मुलाच्या वहीच्या प्रती, मृत्यूचा दाखला, वयाच्या पुराव्यासाठी मुलाचा शाळेचा निर्गम उतारा आणि कोणी किती कापलं याचा एक पानी तक्ता जोडला. तक्ता महत्त्वाचा, नुसती तक्रार असली की ‘आपसात मिटवा’ म्हणून परत पाठवतात.

अर्जाची आवक शिक्क्याची प्रत हातात आल्यावर मुकादम सरपंचांसमोर बसायला तयार झाला. वडिलांच्या अंगठ्याचा शंभर रुपयांचा कोरा स्टॅम्प आणि बाईंचं मूळ आधार कार्ड परत मिळालं. ‘बाकी निरंक’ असं वहीच्या त्याच पानावर लिहून घेतलं, खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. वेगळ्या चिठ्ठीवर घेतलेली निरंक पुढच्या वर्षी नाकारली जाते.

बाई तरीही तोडीला गेल्या, भावाच्या टोळीत, अर्ध्या कोयत्यावर, 30,000 उचल घेऊन. तीस हजार एकट्या माणसाला फिटण्यासारखे आहेत. मुलगा तालुक्याच्या वसतिगृहात राहिला. वडिलांनी सही करून दिलेला कोरा चेक मात्र मुकादम हरवल्याचं सांगतो. खातं मायबापाच्या संयुक्त नावाचं, म्हणून निघण्याआधी बाईंच्या सहीने त्या क्रमांकाचं पेमेंट थांबवायचा अर्ज बँकेत दिला आणि पोच मुलाकडे ठेवली.